प्रकृती स्थिर आहे

माझ्या मुलाने आयुष्यातला पहिला उपास केला, तो एका इंग्रज माणसासाठी.

तसे आमच्या घरात उपासांना कधी तोटा नव्हता. आई सोमवार धरी, बायको चतुर्थी धरी, आणि मीसुद्धा आषाढीला खिचडीपुरता धार्मिक होई. पण तेरा वर्षांचे आमचे चिरंजीव म्हणजे भुकेच्या बाबतीत प्रत्यक्ष घड्याळ. असा हा मुलगा २००६ च्या सप्टेंबरातल्या एका रात्री कांजूरमार्गच्या आमच्या दोन खोल्यांत भरल्या ताटावरून उठला आणि खिडकीशी जाऊन बसला, तेव्हा मला पहिली शंका आली ती चाचणी परीक्षेची. गणितात काही दिवे लागले असणार असे धरून मी बापाचा ठेवणीतला आवाज काढला.

"काय झालं रे?"

"बाबा, हॅमंडला अपघात झालाय."

माझ्या डोळ्यांपुढून त्याच्या वर्गातली सारी मुले येऊन गेली. त्यांत हॅमंड कोणी नव्हता. चौकशीअंती कळले ते असे की, हा रिचर्ड हॅमंड म्हणजे विलायतेत टेलिव्हिजनवर 'टॉप गिअर' नावाचा मोटारींचा कार्यक्रम सादर करणाऱ्या तिघांपैकी एक. त्या कार्यक्रमाचे भाग चिरंजीव कुणा मित्राकडून सीडीवर आणून पाहत असत. २० सप्टेंबरला यॉर्कजवळच्या एल्व्हिंग्टनच्या धावपट्टीवर या गृहस्थाने जेट इंजिन बसवलेली एक गाडी पळवली. वेग ताशी साडेचारशे किलोमीटरच्याही वर गेलेला असताना पुढचे टायर फुटले, गाडी उलटीपालटी झाली, आणि मेंदूला मार बसून तो बेशुद्ध पडला. त्याला इस्पितळात नेणाऱ्या हवाई रुग्णवाहिकेच्या संस्थेसाठी तिकडचे चाहते वर्गणी काढीत होते. ती बघता बघता एक लाख पौंडांच्या पुढे गेली. कांजूरमार्गचा चाहता वर्गणी कुठून देणार? त्याने ताट सोडले.

मला हसू आले, हे आता कबूल केले पाहिजे. हसू आल्यावर माणसाला उपदेश सुचतो, तसा मलाही सुचला. मी म्हणालो, "अरे, त्याला जेट इंजिनावर बसायला सांगितलं कुणी? तो तुला ओळखत नाही, तू त्याला पाहिलेला नाहीस. तू जेवला नाहीस म्हणून त्याचं टायर परत भरून येणार आहे का?"

तेवढ्यात ओट्यापाशी तांदूळ निवडत बसलेली आई, वर न पाहता म्हणाली, "हसतोस काय त्याला? फळा विसरलास वाटतं."

फळा मी विसरलो नव्हतो. पण त्याला चोवीस वर्षे झाली होती, आणि चोवीस वर्षांत माणूस स्वतःच्या वेडेपणाला बालपण असे नाव देऊन मोकळा होतो.

कांजूरमार्ग स्टेशन आणि मी, दोघेही १९६८ सालचे. आमचे घर पूर्वेला, एका बैठ्या चाळीत. मागे मिठागरे, पलीकडे खाडी. पावसाळ्यात वारा फिरला की खाडीचा वास चुलीपर्यंत येई. जलद गाड्या आमच्याकडे न पाहता निघून जात, आणि त्याचे आम्हांला फारसे वाईटही वाटत नसे. आबा, म्हणजे माझे वडील, कुर्ल्याच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. पहिल्या पाळीला असले म्हणजे पहाटेच्या गाडीने जात आणि दुपारी परत येत, ते कानांत साच्यांचा आवाज घेऊनच. घरात ते मोठ्याने बोलत, कारण हळू बोललेले त्यांचे त्यांनाच ऐकू येत नसे. १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सगळ्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसे घरी बसली. त्यानंतर आबांचा आवाज हळूहळू खाली येत गेला. मेपर्यंत ते अगदी इतर माणसांसारखे बोलू लागले होते.

चाळीच्या तोंडाशी मंडळाचा एक फळा होता. पूर्वी त्यावर सुविचार, पाण्याची वेळ, हरवलेली छत्री असला मजकूर असे. माझे अक्षर बरे म्हणून फळा माझ्याकडे आला होता. संप लागल्यावर चाळीतल्या मोठ्यांनी ठरवले की, फळ्यावर डाव्या अंगाला रोज संपाचा दिवस घालायचा. रोज संध्याकाळी मी ओल्या फडक्याने कालचा आकडा पुशी आणि आजचा लिही. आकड्याखाली लिहिण्यासारखे फारसे काही नसे. शंभरावा दिवस मी रंगीत खडूने काढला होता. दीडशेव्या दिवशी रंगीत खडू असूनही कुणी काढ म्हणाले नाही.

आणि जुलैच्या अखेरीस बातमी आली. बंगळूरला 'कुली'च्या चित्रीकरणात मारामारीचे दृश्य चालू असताना अमिताभ बच्चनची उडी चुकली. टेबलाचा कोपरा पोटात बसला आणि आतडे फाटले. बाहेरून साधा ओरखडाही दिसत नव्हता, म्हणून आधी कुणाला ते इतके गंभीर वाटले नाही. मग तिथे शस्त्रक्रिया झाली, आणि पुढे विमानाने मुंबईला आणून त्याला ब्रीच कँडीच्या इस्पितळात ठेवले.

आमच्या चाळीला अमिताभचे प्रेम होते, ते काही त्याच्या उंचीमुळे नव्हे. 'दीवार'मध्ये तो गोदीतला हमाल होता. बाप कामगारांचा पुढारी, आणि त्या बापाने नाइलाजाने मालकापुढे मान तुकवली म्हणून आयुष्यभर जळणारा मुलगा. चाळीतल्या प्रत्येक पोराने तो चित्रपट पाहिलेला होता, आणि त्या उन्हाळ्यात आमच्यातल्या प्रत्येकाच्या मनात एक भीती होती, की आपला बाप तर फुटणार नाही ना? ती भीती कुणी कुणाला सांगितली नाही. आबा सिनेमावाल्यांना नाचे म्हणत. पण अमिताभविषयी त्यांनी एकदा अभिप्राय दिला होता : "हा गिरणीत असता, तर पहिल्या पगाराच्या आत जॉबरला बडवला असता." यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र त्यांच्याजवळ नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून फळ्याच्या उजव्या अंगाला नवा मजकूर आला : 'अमिताभ – प्रकृती चिंताजनक.' आकाशवाणीच्या बातम्या ऐकून आणि वाण्याच्या दुकानातला पेपर वाचून मी रोज संध्याकाळी तो लिही. सहा महिने ज्या फळ्याकडे माणसे मान खाली घालून जात होती, त्याच्यापुढे पुन्हा गर्दी होऊ लागली. बायका पाण्याच्या हंड्यासकट थांबत. "काय रे, कसा आहे तो?"

आता वाटते, त्या प्रश्नाची सर्वांना गरज होती. संपाच्या दिवसांत कुणाच्या घरी चूल पेटली की नाही, हे विचारणे म्हणजे त्याचा अपमान. वाण्याची उधारी किती झाली, पाटल्या कुठे गेल्या, गावाहून तांदूळ आला का, यांतले काहीच विचारता येत नसे. पण अमिताभ कसा आहे हे कुणीही कुणालाही विचारू शकत होते. त्यात लाज नव्हती. लोक हा प्रश्न विचारीत आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर समोरच्याच्या चेहऱ्यावर वाचून घेत. आमच्या शेजारची वहिनी फळ्यापुढे उभी राहून ढसाढसा रडली होती. तिचा नवरा महिनाभर गावी जाऊन बसला होता आणि पत्र नव्हते. अमिताभसाठी म्हणून ती रडली, आणि सर्वांनी अमिताभसाठी म्हणूनच तिची समजूत घातली.

त्या काळात मला एका माणसाचा भयंकर राग होता, हेही सांगून टाकतो. त्या दृश्यात समोर पुनीत इस्सर होता, चित्रपटांत नुकताच आलेला. ठोसा ठरलेला होता, उडी ठरलेली होती. चुकले ते काही इंचांचे. पण चौदा वर्षांच्या मुलाला इंच कळत नाहीत, गुन्हेगार लागतो. मोठ्यांचेही तसेच असते म्हणा. त्याला पुढे कित्येक दिवस कामे मिळेनाशी झाली, असे त्याने सांगितले आहे. १९८८ मध्ये 'महाभारत' सुरू झाले आणि तोच दुर्योधन होऊन घराघरांत आला, तेव्हा आई म्हणाली, "बघ, तरी मी म्हणतच होते." मी वीस वर्षांचा झालो होतो, तरी मनातून मलाही ते पटले, याची आज शरम वाटते.

२ ऑगस्ट हा श्रावणातला सोमवार होता. आई सकाळपासून निरंकार. पाऊस उभा राहिलेला. संध्याकाळी मी डाव्या अंगाला 'संपाचा आज १९७ वा दिवस' एवढे लिहिले आणि उजव्या अंगासाठी बातम्यांची वाट पाहत थांबलो. इतक्यात दादरकडून आलेल्या गाडीतून उतरलेली चारपाच माणसे भिजत चाळीच्या तोंडाशी आली आणि त्यांतला एक म्हणाला, "गेला."

कुणी 'कोण' म्हणून विचारले नाही.

मग एकदम सगळे बोलू लागले. गाडीत सगळे तेच म्हणतात. ब्रीच कँडीबाहेर रस्ता भरला आहे. सरकार जाहीर करायला घाबरते. कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणाले, "लिही रे." माझ्या हातात खडू होता. फळ्याचा उजवा भाग पुसलेला, ओला. त्या ओल्या काळ्या चौकोनाकडे पाहत मी किती वेळ उभा होतो, कोण जाणे. आपण लिहिले की ते खरे होईल, असे मला वाटत होते. पत्रकारांना असे वाटत असते का, हे मला माहीत नाही. वाटत असावे अशी आशा आहे.

आबा गर्दीच्या मागे होते. ते पुढे आले.

"कोण म्हणतो गेला?"

"गाडीत सगळेच म्हणतात."

"गाडीत सगळे सहा महिने म्हणतायत, संप उद्या मिटणार. पेपर येऊ दे." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "लिही. प्रकृती स्थिर आहे."

"पण आबा, खरं नसलं तर?"

"तर उद्या पूस."

मी लिहिले. अक्षर वाकडे आले. आबा फळ्यापाशीच छत्री घेऊन उभे राहिले, पावसाचे शिंतोडे मजकुरावर येऊ नयेत म्हणून. लोक पांगले, अंधार पडला, तरी ते उभेच होते. फळ्याचा डावा अंग भिजून आकडा ओघळून गेला, तिकडे त्यांनी लक्ष दिले नाही.

अफवा निराधार नव्हती, हे पुढे कळले. त्या दिवशी काही मिनिटे त्याचे शरीर वैद्यकीयदृष्ट्या निकामीच झाले होते. डॉक्टरांनी शेवटचा उपाय म्हणून एकामागून एक इंजेक्शने दिली, आणि आपण त्याच्या पायाचा अंगठा हलताना पाहिला असे जया बच्चन यांनी नंतर सांगितले. २ ऑगस्ट हा आपला दुसरा जन्मदिवस असे अमिताभ अजूनही म्हणतो. त्या अंगठ्यासाठी देशात लोकांनी काय काय केले! देवळांत अभिषेक झाले, दर्ग्यांत चादरी चढल्या, पंतप्रधान इंदिरा गांधी इस्पितळात येऊन गेल्या. एक गृहस्थ म्हणे वडोद्याहून मुंबईपर्यंत उलटे धावत आला. शेकडो लोकांनी रक्त दिले. त्या प्रेमाने दिलेल्या रक्तातल्या एका बाटलीतून ब प्रकारच्या काविळीचा विषाणूही त्याच्या अंगात गेला, आणि त्याने यकृताचा पाऊण भाग गिळला तेव्हा कुठे, पुष्कळ वर्षांनी, तो सापडला. हे त्याने स्वतःच जगाला सांगितले, आणि रक्त देणाऱ्यांविषयी कधी वावगा शब्द काढला नाही.

ऑगस्ट तसाच गेला. १८ तारखेला तर मुंबईच्या पोलिसांनीच बंड केले. शहर पेटले, गाड्या अडल्या, आणि आई मला दोन दिवस फळ्यापर्यंतही जाऊ देईना. गणपती आले आणि आरास न करता गेले. मग २४ सप्टेंबरला अमिताभ इस्पितळातून घरी गेला. त्या दिवशी मी उजवीकडे 'अमिताभ घरी आला' असे मोठ्या अक्षरांत लिहिले आणि डावीकडे आकडा घातला : २५०.

संध्याकाळी आई कागदाच्या पुडीत साखर घेऊन चाळीत वाटायला निघाली. पुडी लहान होती. प्रत्येकाच्या हातावर चिमूट चिमूट ठेवूनही ती शेवटच्या खोल्यांपर्यंत पुरली नाही. मला वाईट वाटले, पण संपाचे दिवस. एवढी साखर आणली हेच पुष्कळ. आबांच्या हातावर तिने चिमूट ठेवली तेव्हा त्यांनी विचारले, "आणि उरलेली?" आई म्हणाली, "उरलेली मग." नवराबायकोचे काही किराणाचे बोलणे असेल असे मी समजलो.

त्या वर्षी दिवाळी उशिरा, नोव्हेंबराच्या मध्यावर आली. लक्ष्मीपूजनाचा दिवस संपाचा ३०२ वा होता. फळा लिहिणे मी त्यानंतर सोडले. कुणी सोड म्हणाले नाही, कुणी का सोडलेस असेही विचारले नाही. संप मिटल्याची बातमी लिहिण्याचा दिवस आलाच नाही. तो मिटला नाही, विरून गेला. काही गिरण्या काही माणसे घेऊन सुरू झाल्या, आबांना बोलावणे आले नाही. आबा फुटले नाहीत, याचा मला अभिमान आहे. फुटले असते तर आईच्या पाटल्या परत आल्या असत्या का, हा हिशेब मी मांडत नाही. पुढे पवईकडे इमारती उठू लागल्या, तिथे ते रखवालदार झाले.

'कुली' १९८३ च्या अखेरीस लागला, तेव्हा आबांनी आयुष्यात प्रथमच स्वतः होऊन तिकिटे काढली. घाटकोपरला गेलो. ते दृश्य आले आणि पडद्यावर चित्र थांबले. याच क्षणी अपघात झाला, असा मजकूर पडद्यावर उमटला. सगळे थिएटर गप्प. मनमोहन देसाईंनी शेवटही बदलला होता. मूळ कथेत नायक मरायचा होता, तो जगवला. बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "बरं केलं." आणि थोडे चालल्यावर, "मालकाच्या हातात असलं म्हणजे बदलता येतं."

१६ जानेवारी १९९७ ला पवईत डॉक्टर सामंतांवर गोळ्या झाडल्या गेल्या. बातमी तोंडोतोंडी आमच्याकडे आली. आबा कामावरून आले होते, टोपी अजून हातातच होती. शेजारचा मुलगा म्हणाला, "काका, डॉक्टर गेले." आबा म्हणाले, "पेपर येऊ दे." मग आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. दोन वर्षांनी तेही गेले.

त्यामुळे २००० च्या जुलैत 'कौन बनेगा करोडपती' सुरू होऊन अमिताभ रोज रात्री आमच्या खोलीत येऊ लागला, तो आबांना दिसला नाही. आई मात्र नेमाने बसे. प्रश्न तिला कळत नसत आणि उत्तरांशी तिला कर्तव्य नव्हते. तिचे लक्ष त्याच्या चेहऱ्यावर. "आज ओढल्यासारखा दिसतो," म्हणे. जणू काही त्या माणसाच्या प्रकृतीत तिची काही ठेव गुंतलेली होती.

ती ठेव कसली, ते मला त्या रात्री कळले. खिडकीशी बसलेल्या नातवाजवळ आई गेली आणि विचारू लागली, "कोण रे तो तुझा? आई आहे का त्याला? मुलं?"

"दोन मुली आहेत, आजी."

"अगं बाई! शुद्धीवर नाही का आला अजून?"

"नाही." मुलाचा गळा भरून आला. (हॅमंड पुढे दोनेक आठवड्यांत सावरला आणि २००७ च्या जानेवारीत आपल्या कार्यक्रमात हिंडूफिरू लागला, पण ते त्या रात्री कुणाला ठाऊक?)

मग आईने त्याला फळ्याची गोष्ट सांगितली. मी ऐकत होतो. गोष्ट माझीच, त्यामुळे कुठे काही चुकले तर दुरुस्त करण्याच्या बेताने. २ ऑगस्टपर्यंत ती बरोबर आली. पुढे आई म्हणाली, "त्या सोमवारी मी शंकराच्या देवळात नवस बोलले. सगळ्यांना वाटलं अमिताभसाठी. नाव त्याचंच घेतलं, पण मागितली गिरणी. म्हटलं, देवा, तो एवढा गेलेला माणूस तू उठवलास, तर गिरणीचा भोंगा वाजवायला तुला काय लागतं? आधी त्याला उठव, म्हणजे मला खूण पटेल. अर्धा किलो साखर बोलले. तुझ्या आजोबांनाच तेवढं ठाऊक होतं."

"मग?"

"मग तो उठला. पाव किलो वाटली."

मी तांदळाच्या ताटाकडे पाहत राहिलो. चोवीस वर्षे ती पुडी मला गरिबीने लहान वाटत आली होती.

मुलाने डोळे पुसले आणि विचारले, "आणि उरलेली, आजी?"

आईने उत्तर दिले नाही. झाकून ठेवलेले ताट तिने त्याच्यापुढे सरकवले आणि म्हणाली, "तू आधी जेव बघू."